जयवंत मेस्त्रीचा कोरडा भात

मागच्या जानेवारीत मी एका सरळमार्गी माणसाच्या भातात चोरून तूप घातलं. दोन चमचे, घरी कढवलेलं, रवाळ. माझ्या हातून झालेल्या मूर्खपणांची यादी तशी लांब आहे. लग्नानंतर पहिल्याच वर्षी मी सासऱ्यांचा लोकरी कोट बोहारणीला देऊन तीन स्टीलची पातेली घेतली होती, आणि संध्याकाळी ती पातेली सासऱ्यांनाच कौतुकानं दाखवली होती. पण त्या दोन चमचे तुपाची सर त्याला नाही. तेव्हा माझं वय एकाहत्तर, म्हणजे तशी मी अल्लडच होते. आता बहात्तरावं लागल्यावर जरा पोच आलाय, म्हणून सांगते.

भात होता जयवंत मेस्त्रीचा. मेस्त्री मुलुंडला आमच्या समोरच्या दारात राहतो. वय तेव्हा एकोणसाठ. लग्न केलं नाही. दारात उभा राहिला तर दाराची चौकट जाड वाटावी असा बांधा. आणि हा माणूस केळं वजन करून खातो.

गंमत म्हणून सांगत नाहीये. पाकिटात लोक देवाचा फोटो ठेवतात, तसा हा खिशात छोटा काटा ठेवतो. भाजीवाल्याच्या गाडीवर एकेक केळं त्यावर आडवं करतो आणि निकाल देतो. "एकशे चाळीस. रिजेक्ट. एकशे सव्वीस. रिजेक्ट. एकशे अठरा. हां, हे चालेल, प्लस-मायनस दोन." भाजीवाला हल्ली मेस्त्री येताना दिसला की पूर्ण घड पुढे करून ठेवतो आणि स्वतः पाणी प्यायला जातो.

विक्रोळीच्या एका कारखान्यात मेस्त्री तीस वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर होता. लोखंडाचा तुकडा हातात घ्यायचा, गेज लावायचं, पास की रिजेक्ट तेवढं बोलायचं. कारखान्यानं लवकर घरी पाठवलं तेव्हा मोजायला काही उरलं नाही, म्हणून हा स्वतःला मोजायला लागला. हे माझं निदान. त्याचं म्हणणं असं की तो ट्रायथलीट आहे.

ट्रायथलीट म्हणजे काय ते मला सईनं समजावलं. सई माझी नात. फिजिओथेरपी शिकते, त्यामुळे जगातल्या सगळ्यांचे गुडघे तिला आपलेच वाटतात.

"आजी, आधी समुद्रात दोन किलोमीटर पोहायचं. मग ओल्या अंगानं सायकलवर बसून नव्वद किलोमीटर जायचं. मग उतरून एकवीस किलोमीटर पळायचं."

"मागे कोण लागलेलं असतं?"

"कोणी नाही गं."

"मग कशाला?"

"साडेआठ तासांत पुरं केलं तर मेडल मिळतं."

"आणि पावणेनऊ लागले तर?"

"तर काही नाही. तर तू मोजलीच जात नाहीस."

मी म्हटलं, मग बरोबर माणूस सापडलाय त्यांना.

मेस्त्रीच्या घरात फोडणीचा डबा नाही. तेलाची बुधली नाही. ओट्यावर पावडरींचे डबे एका ओळीत, कारखान्यातल्या कपाटात असावेत तसे, आणि प्रत्येकावर चिकटपट्टी लावून लिहिलेलं: 'आधी', 'मध्ये', 'नंतर'. 'नंतर'मधली पावडर पाण्यात घालून हलवली की ओल्या भिंतीच्या रंगाचं काहीतरी तयार होतं. ते हा उभ्यानं पितो आणि वर "आऽ" करतो. याशिवाय पाकिटातले चिकट जेल. एक मला चाखायला दिलं होतं. शाळेत असताना मी डिंक खाल्ला होता, त्याची आठवण झाली. डिंक बरा होता.

"काकी, जेवण म्हणू नका," तो मला सांगतो. "फ्युएल म्हणा. जेवणात भावना येते. भावना आली की टॉलरन्स गेला."

टॉलरन्स म्हणजे सहनशीलता नव्हे हं. एखादी वस्तू मापापेक्षा किती कमीजास्त चालेल, त्याला त्यांच्या कारखान्यात टॉलरन्स म्हणतात. मेस्त्रीच्या आयुष्यात तो दोन ग्रॅम आहे.

त्याची आई होती तोवर हे काही नव्हतं. त्या दारातून दुपारी सुक्या बांगड्याचा वास यायचा आणि मी नाक मुरडून खिडकी लावून घ्यायचे. मेस्त्रीची आई मालवणकडची, आवाज खणखणीत. संध्याकाळी हा कारखान्यातून येऊन खाली गेटात पाय ठेवायचा, आणि ती तिसऱ्या मजल्यावरून अख्ख्या सोसायटीला ऐकू जाईल असं विचारायची, "जेवलंस काय रे दुपारी?" सहा वर्षांपूर्वी ती गेली. तिच्या तेराव्यानंतर महिन्याभरातच मेस्त्रीनं काटा आणला. आता त्या दारातून कसलाही वास येत नाही. खिडकी उघडी असते माझी.

मेस्त्री एरवी बोलतो साधं मुंबईचं. अगदी दमला किंवा गहिवरला की मालवणी बाहेर येते, असं त्याची आई सांगायची. मी त्याला दमलेला पुष्कळदा पाहिलाय. दुसऱ्या प्रकारावर माझा विश्वास नव्हता.

तर तूप. तुपाचं वैर गणपतीत सुरू झालं. दरवर्षीप्रमाणे मी त्याला मोदकाला बोलावलं. पानात उकडीचा एक मोदक वाढला, वरून कळी फोडून तूप सोडलं आणि पाणी आणायला आत गेले. परत येते तर मेस्त्री खिशातून टिश्यू पेपर काढून मोदकाचं तूप टिपतोय! सांडलेली शाई टिपावी तसं, हलक्या हातानं, दाबून. माझ्या घरात, माझ्या गणपतीसमोर, माझ्या हातचं तूप. मी हसून आणखी एक मोदक वाढला. पण मनात म्हटलं, मेस्त्री, तुला बघते.

आता याच्या विश्रांतीबद्दल सांगते. लोक थकले की विश्रांती घेतात. हा थकण्याआधी घेतो, आणि पाटी लावून घेतो. दारावर दोन बाजूंची पाटी आहे. एकीकडे 'ये', दुसरीकडे 'विश्रांती चालू. बेल वाजवू नये.' रात्री साडेआठला ती पाटी उलटते. दुपारी चारला परत वीस मिनिटं. तेव्हा हा जमिनीवर आडवा होऊन दोन्ही पाय भिंतीला सरळ वर लावतो. एकदा दार उघडं होतं म्हणून सई कुरिअरचं पाकीट द्यायला आत डोकावली, आणि सोफ्यामागून उभे राहिलेले दोन गुळगुळीत पाय तेवढे तिला दिसले. गुळगुळीत, कारण हा पायावरचे केस काढतो. म्हणे वारा अडतो. सई किंचाळली ती पहिल्या मजल्यावर ऐकू गेली. पाय हलले नाहीत. सोफ्यामागून शांत आवाज आला, "अजून सहा मिनिटं."

मनगटावर काळं घड्याळ. सकाळी मी दूध घ्यायला दार उघडते, तेव्हा समोर मेस्त्री बुटाची नाडी बांधत असतो.

"काकी, आज झोप चौऱ्याऐंशी."

"शंभरपैकी?"

"हो."

"आणि नापास कितीला?"

"सत्तरच्या खाली आलं की त्या दिवशी मी पळत नाही. शरीर मशीनच आहे, काकी. मशीन बंद ठेवायलाही अक्कल लागते."

"पण कोण विचारतं रे तुला रोज, किती झोपलास म्हणून?"

"घड्याळ विचारतं ना," मेस्त्री म्हणाला आणि जिना उतरला.

मी दूध तापवता तापवता पोट धरून हसले. घड्याळ विचारतं म्हणे!

झोपेवर हसायचा अधिकार मला आहे, असं मी तेव्हा समजत होते. मी टेलिफोन खात्यात ट्रंक कॉल ऑपरेटर होते. बत्तीस वर्षांची असताना माझी ऐट अशी की मी दमतच नाही. पहाटे चारला उठायचं, सगळ्यांचे डबे करायचे, स्वतः ओट्याशी उभ्यानं काल उरलेली पोळी चहात बुडवून खायची, आणि ऑफिसात चारचौघींना ऐकवायचं, "मला बाई चार तास झोप पुरते." कुणी विचारलं नसलं तरी ऐकवायचं. अशा वागण्याला आपण त्याग म्हणतो, असा माझा समज होता. एका दुपारी बोर्डावर कानाला हेडफोन लावून मला गाढ झोप लागली, आणि झोपेत मी नाशिकच्या एका द्राक्षवाल्याला नागपूरच्या वधूपित्याशी जोडून दिलं. दोघं तीन मिनिटं बोलले. "माल कसा आहे?" "गोरा आहे, पण जरा नाजूक." इथपर्यंत गेलं होतं. मला मेमो मिळाला. तो मी घरी दाखवला नाही आणि दुसऱ्या दिवशी परत चारला उठले, काय ती हुशारी!

हा किस्सा मी मेस्त्रीला हसवायला सांगितला. तो हसला नाही. बुटाची नाडी तशीच हातात धरून म्हणाला, "किती वर्षं केलंत असं?"

"तीस."

"रिकव्हरी न घेता?"

"घरी कोण देणार रिकव्हरी, तुझं घड्याळ?"

त्यानं मान हलवली, एखादा चांगला पार्ट गंजलेला सापडावा तशी.

राहिलं मन. मेस्त्रीचा सिद्धांत असा की शर्यत आधी डोक्यात पळावी लागते. त्यासाठी तो रविवारी सकाळी सोसायटीच्या बागेतल्या बाकावर पोहायचा चष्मा आणि रबरी टोपी घालून डोळे मिटून बसतो, चाळीस मिनिटं. मध्येच हात थोडे हलतात, म्हणजे समुद्र चालू आहे. मग मांड्या आवळल्या जातात, म्हणजे सायकल आली. वॉचमननं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो धावत माझ्याकडे आला, "आजी, साहेब गेले वाटतं." मी गेले, नाकाशी बोट धरलं. चालू होतं. मी म्हटलं, "कुठवर पोचलास?" डोळे न उघडता म्हणाला, "सायकल, बावीस किलोमीटर. बोलू नका, चढ आहे."

आणि मंत्र. तो चालताना, जिन्यात, लिफ्टमध्ये पुटपुटतो: "डोकं गार, पोट तयार, पाय भाड्याचे." पाय भाड्याचे का, तर दुखले तर मालकाचे दुखतात, आपण फक्त वापरतो. हे तत्त्वज्ञान मी माझ्या गुडघ्यांना सांगून पाहिलं. गुडघे म्हणाले, मालकीणबाई, आम्ही ओळखतो तुम्हाला.

एवढं सगळं करून मेस्त्री दोनदा नापास झाला होता. पहिल्या वर्षी समुद्रात घाबरून परत फिरला. मग वर्षभर दर रविवारी, बाकावरचा कार्यक्रम उरकला की, पार मनोरीला जाऊन लाटांत पोहला आणि ती भीती घालवली. दुसऱ्या वर्षी पोहणं झालं, सायकल झाली, पळताना त्या जेलांनी पोटात बंड केलं. तेव्हा त्यानं शोध लावला की त्याच्या पोटाला भातच लागतो. मऊ शिजवलेला, मीठ आणि किंचित गूळ. साठ ग्रॅमचा एक गोळा, असे सहा, सायकलवर दर अर्ध्या तासानं एक. तेल-तूप शून्य.

डिसेंबरात एका संध्याकाळी पाटी 'ये' असताना तोच माझ्याकडे आला. बसला नाही.

"काकी, एका फॉर्मवर तुमचं नाव घातलंय. चालेल ना?"

"कसला फॉर्म?"

"शर्यतीचा. काही झालं तर कोणाला कळवायचं, तो रकाना असतो."

"म्हणजे तू बुडालास तर मला फोन येणार?"

"हो."

"कधी? दुपारी दोन ते चार मी झोपते."

"सकाळीच काय ते होईल," मेस्त्री अगदी गंभीरपणे म्हणाला. मग म्हणाला, "दोन वर्षं सोसायटीच्या ऑफिसचा नंबर दिला होता. रविवारी तिथे कोणी उचलत नाही."

मी म्हटलं, फोन कशाला, मीच येते. सईला गाडी चालवता येते, मला कोकण बघायचंय, आणि माणूस समुद्रातून थेट सायकलवर बसतो हे मी मरायच्या आधी पाहिलं पाहिजे.

"ही शेवटची, काकी," तो म्हणाला. "मार्चमध्ये साठ होतील. सगळं आता पोटावर आहे. पोट टिकलं तर मी टिकलो. नाही झालं तर सायकल विकणार. मशीनचं आयुष्य असतं."

तर जानेवारीत, जिथे शर्यत होती त्या कोकण किनाऱ्यावर आम्ही एका घरगुती मुक्कामाच्या जागी उतरलो. शर्यत रविवारी सकाळी सातला. गोळे ताजेच हवेत, आणि मेस्त्रीनं पहाटे पाचला किनाऱ्यावर सायकल लावायची, म्हणून भाताचं काम माझ्याकडे आलं. आदल्या दिवशी त्यानं मला तांदूळ मोजून दिले, मीठ मोजून दिलं, गूळ मोजून दिला आणि काटाही दिला. खिशातला काटा! सई म्हणाली, "आजी, त्यांनी किडनी काढून दिल्यासारखं आहे हे."

हात आपोआप तुपाकडे गेला असं मी सांगू शकते, पण ते खोटं होईल. तूप मी मुलुंडहून नेलं होतं. लोणच्याच्या छोट्या बरणीत, मोज्यात गुंडाळून. पहाटे साडेचारला परक्या घराच्या ओट्याशी उभी राहून मी त्या पांढऱ्या, केविलवाण्या भाताकडे पाहिलं. असा भात मी आयुष्यात कुणाला वाढलेला नाही, मांजरालासुद्धा. शिवाय माझी योजना होती. हा शर्यत पुरी करणार, गळ्यात मेडल घालून येणार, आणि मी सगळ्यांसमोर म्हणणार: मेस्त्री, हे माझ्या तुपावर झालं बरं का! टिश्यू पेपरचा हिशोब चुकता.

दोन चमचे घातले. मग लक्षात आलं की वजन वाढणार. म्हणून प्रत्येक गोळ्यातून तेवढा भात चिमटीनं काढून टाकला. साठ, साठ, साठ. क्वालिटी इन्स्पेक्टरला फसवण्यात मी इतकी रमले होते, की सहावा गोळा फॉइलमध्ये गुंडाळताना गाणं गुणगुणत होते. गोळ्यांची पिशवी सईनं जाऊन त्याला दिली.

पोहणं आम्ही पाहिलं नाही. चारशे रबरी टोप्यांत मेस्त्री कुठला हे ओळखणं अशक्य होतं. पण सायकलचा रस्ता आमच्या मुक्कामाच्या फाटकावरून जात होता, तीन फेऱ्या. मी आणि सई खुर्च्या टाकून बसलो. सव्वाआठनंतर मेस्त्री आला. डोकं खाली, पाठ सपाट, चेहरा लोखंडाचा. अगदी फाटकासमोर त्याच्या घड्याळानं टिक केलं, त्यानं खिशातून पहिला गोळा काढला आणि घास घेतला.

आणि त्याचे पाय थांबले.

सायकल आपली आपण घरंगळत होती. त्यानं हातातल्या गोळ्याकडे पाहिलं. मग वळून माझ्याकडे पाहिलं. मी चटकन समोरच्या माडाला किती नारळ आहेत ते मोजायला लागले. डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं, त्यानं उरलेला गोळा तोंडात टाकला आणि चावत राहिला, हळूहळू. एरवी हा माणूस गिळतो. चावतानाचा वेळ वाया जातो असं त्याचं मत आहे. मग पाय पुन्हा फिरायला लागले आणि तो वळणाआड गेला.

"काय झालं त्यांना?" सई म्हणाली.

"चव आवडली असेल," मी म्हटलं. मनात म्हटलं, बावळट, काही कळलं नाही याला.

दुसऱ्या फेरीला ठीक होता. तिसऱ्या फेरीला त्याच्या तोंडाचा रंग दुधीसारखा झाला होता. सई उठली आणि पळायच्या रस्त्याकडे गेली. साडेबाराला तिचा फोन आला.

"आजी, मेस्त्रीकाका चालतायत. दोनदा उलटी झाली."

"ऊन लागलं असेल."

"ऊन नाही गं. काहीतरी तेलातुपाचं पोटात गेलंय. एवढ्या मेहनतीत रक्त सगळं पायांकडे असतं, पोट ते पचवतच नाही. तसंच पडून राहतं. पण ते तर भातच खात होते ना? आजी? ऐकतेयस ना?"

"लाइन खराब आहे," मी म्हटलं आणि फोन ठेवला. तीस वर्षं टेलिफोन खात्यात काढून हे एवढंच सुचलं.

मी रिक्षा करून किनाऱ्यावर गेले. तीन वाजले, मेस्त्री नाही. सव्वातीन, नाही. वेळ संपायची होती साडेतीनला. एकेक माणूस येत होता, गळ्यात मेडल पडत होतं, बायका-मुलं मिठ्या मारत होती. साडेतीनला भोंगा वाजला. मोठं घड्याळ बंद झालं. दोन मुलगे येऊन जमिनीवरचा निळा गालिचा गुंडाळायला लागले. मी त्यांना म्हटलं, "अरे थांबा, एक माणूस यायचाय." ते म्हणाले, "टाइम झाला, आजी."

मग तो दिसला. पळत होता असं म्हणायला मन मोठं हवं. एक हात पोटावर, एक पाय दुसऱ्याची वाट बघत. त्याच्यापासून चार हातांवर सई, त्याला हात न लावता चाललेली, कारण हात लावला तर बाद करतात असं त्यानंच तिला सांगितलं होतं. बाद व्हायला आता काही उरलं नव्हतं, तरी.

मी आयुष्यात कधी रस्त्यावर ओरडले नाही. त्या दिवशी साडी सावरत वाळूत उतरले आणि ओरडले, "मेस्त्रीऽ! पाय भाड्याचेऽ!"

गालिचा जिथे होता तिथे वाळूवर फक्त त्याची चौकोनी खूण होती. मेस्त्री त्या खुणेच्या अलीकडच्या कडेवरून पलीकडच्या कडेवर गेला, बरोबर मधून, आणि थांबला. घड्याळाचं बटण दाबलं.

"आठ तास एक्केचाळीस," तो म्हणाला. "अकरा मिनिटं वर. रिजेक्ट, काकी."

परतीच्या वाटेवर मी सात तास गप्प होते. सईला वाटलं मला गाडी लागतेय.

नंतर आठवडाभर मी त्याला रोज वरणभात पाठवला, बिनतुपाचा. तो डबा सईकडे धुऊन परत द्यायचा आणि माझ्यासमोर यायचा नाही. त्यानंतरच्या सोमवारी लिफ्टशेजारच्या फळ्यावर कागद दिसला. रेघा मारून, छापल्यासारख्या अक्षरात: 'सायकल विकणे आहे. सुस्थितीत. घासाघीस नको. मेस्त्री, तिसरा मजला.' मी तो वाचला. आजूबाजूला पाहिलं. टाचण्या उपटल्या आणि कागद ब्लाउजमध्ये घातला.

त्याच दिवशी दुपारी बेल वाजली. दारात मेस्त्री, हातात माझा डबा. रिकामा डबा परत करू नये हे आईनं शिकवलेलं आज आठवलं असणार, कारण आत एक केळं होतं. एकशे अठराचं असावं.

"आत ये," मी म्हटलं. तो आला, या वेळी बसला. मी कागद काढून त्याच्यासमोर ठेवला.

"मीच काढला. ओरडायचं तर नंतर ओरड. आधी ऐक. तुझं पोट काही बिघडलं नव्हतं, मेस्त्री. तुझी मेहनत बरोबर होती, झोप बरोबर होती, तू मोजून दिलेला तांदूळसुद्धा बरोबर होता. मी तुझ्या भातात तूप घातलं. दोन चमचे. मुद्दाम, घरून नेऊन. वजन कळू नये म्हणून भात काढला. तुझी शर्यत माझ्यामुळे गेली. आता तुला काय म्हणायचं ते म्हण."

मेस्त्रीनं कागद उचलला. मधोमध दुमडला, मग परत मधोमध, कोपऱ्याला कोपरा जुळवून, आणि खिशात ठेवला. त्याच खिशात, जिथे काटा असतो. मग डब्यातल्या केळ्याकडे बघत म्हणाला,

"पयल्याच घासाक कळला होता माका, काकी. टाकूक जमला नाय."